पान एकशे ब्याण्णववरची ओळ

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला सोमनाथ निमसेच्या खात्यात ४,८०० रुपये जमा झाले. एकशे ब्याण्णव पानं, पानाला पंचवीस रुपये. काम व्हायच्या आधी सगळे पैसे देणारं गिऱ्हाईक त्याला उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं.

“बाई सरळ दिसतीये,” मोबाइलवरचा मेसेज वाचून सुवर्णा, म्हणजे त्याची बायको, म्हणाली. “तुम्हीही सरळ काम करून द्या. स्वल्पविरामाला भिंग लावून महिनाभर बसू नका.”

प्रूफांचा गठ्ठा सकाळीच आला होता आणि सोमनाथची नजर वरच्या पानावर खिळली होती. ‘मळ्याबाहेर’. कादंबरी. लेखक रंगनाथ गायधनी. खाली लहान अक्षरात, दुसरी आवृत्ती.

पहिली आवृत्ती १९८४ची. हजार प्रती. तिची सगळीच्या सगळी पानं सोमनाथनं स्वतःच्या हातांनी जुळवली होती.

त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता आणि नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या बोळातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होता. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, ओळ भरायची, ओळींचं पान बांधायचं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे कंपोझिटर मजकूर उलटाच वाचतो आणि त्याला त्याची सवय होते. छापखाना गरीब. सोळा पानांपुरतेच खिळे. सोळा पानं छापून झाली की तेच खिळे धुऊन पुन्हा खणांत टाकायचे आणि पुढची सोळा जुळवायची. म्हणून ती कादंबरी सोमनाथला सोळा-सोळा पानांनी वाचायला मिळाली, तीही अक्षरागणिक. जून ते ऑक्टोबर. पुढच्या सोळा पानांत वाळूचं काय होणार, या विचारानं तो मेसमध्ये जेवताना घास हातात धरून बसायचा.

वाळू म्हणजे कादंबरीतला पोरगा. गोदाकाठी भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. नऊ वर्षांचा असतो तिथून गोष्ट सुरू होते आणि सोळाव्या वर्षी तो ओझरच्या विमानाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागायला घर सोडतो, तिथे संपते. शेवटच्या पानावर टेम्पो बांधावरून निघतो, वाळू मागे बघतो. आई पाठमोरी बसून मेथीच्या जुड्या बांधत असते. “एक झाली, दुसरी घेतली.” आणि मग कादंबरीची शेवटची ओळ: “मळा सुटतो, आई सुटत नाही.”

ही शेवटची ओळ पुढे लोकांच्या तोंडी बसली. कादंबरी ज्यांनी वाचली नाही त्यांनाही ओळ माहीत. पिंपळगाव बसवंतपासून नाशिक रोडपर्यंत दशक्रियेच्या पत्रिका बघाव्यात, चौकातले श्रद्धांजलीचे फलक बघावेत. आईचा फोटो, फोटोला छापील हार आणि खाली तीच ओळ. कुणाची म्हणून विचारायची कुणाला गरज वाटत नसे.

ती ओळ रंगनाथ गायधनींची नव्हती. सोमनाथची होती.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याची आई गेली. गाव दिंडोरीकडचं. त्याआधी चार वर्षं तो घरातून निघाला तेव्हा आई कांद्याच्या वाफ्यात खुरपत होती. “जातो गं,” तो म्हणाला होता. “जा,” ती म्हणाली होती. मान वर केली नव्हती. दिवसकार्य उरकून तो कामावर आला आणि महिनाभरानं शेवटची सोळा पानं हातात आली. शेवटचं पान जुळवताना खिळे नीट दिसेनात म्हणून तो दोनदा उठून तोंड धुऊन आला. प्रूफं गायधनी मास्तरांनी पाहून “छापा” अशी सही करून पाठवली. संध्याकाळी पान बांधताना तळाला एका ओळीची जागा उरली. अशा जागेत शिशाची कोरी पट्टी टाकायची असते. सोमनाथनं पट्टी हातात घेतली आणि पुन्हा ठेवून दिली. त्या जागेत त्यानं शब्द टाकले. प्रूफ पास झालेलं, मालक बिलं करण्यात गुंतलेले. सकाळी पान छापून झालं.

नंतर महिनाभर त्याच्या जिवात जीव नव्हता. मास्तर पेढे घेऊन छापखान्यात आले, सगळ्यांना दिले, त्यालाही दिला. “चांगलं काम केलंत,” म्हणाले. पुढे काही नाही. त्यांनी पाहिलं की नाही, हे सोमनाथला कधीच कळलं नाही. हस्तलिखित शाईनं माखून रद्दीत गेलं. मालक वारले. छापखाना बंद पडला तेव्हा सोमनाथ एका दैनिकात प्रूफरीडर झाला आणि साठाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाला. २००९ साली मास्तरही गेले. गोष्ट माहीत असलेलं एकच माणूस उरलं होतं. लग्नानंतर कधीतरी त्यानं सुवर्णाला सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर भीती गेल्यावर त्याला त्या ओळीचा अभिमानच वाटत आला होता. एखाद्या फलकाखाली सिग्नलला उभं राहावं लागलं की तो आपली ओळ वाचायचा आणि गाडी सुरू करताना त्याचा चेहरा हसरा झालेला असायचा. कादंबरी मात्र त्यानं पुन्हा उघडली नव्हती. त्याची प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर होती. आता मास्तरांच्या मुलीनं, मंजुषानं, दुसरी आवृत्ती काढायला घेतली होती आणि पहिलीचा कंपोझिटर हयात आहे हे कळल्यावर शोधत आली होती. काम साधं होतं. नवीन मजकूर जुन्या आवृत्तीबरहुकूम आहे की नाही ते तपासायचं. शनिवार आठ तारखेपर्यंत प्रूफं, तेरा तारखेला गुरुवारी छपाईच्या प्लेटा आणि सत्तावीसला मराठी भाषा गौरव दिनी प्रकाशन.

त्यानं वाचायला सुरुवात केली. रोज जेवण झाल्यावर हिरावाडीतल्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून, एका मांडीवर जुनी प्रत, दुसऱ्या मांडीवर नवीन प्रूफ. चाळीस वर्षांनी तो ती कादंबरी सुलट वाचत होता.

बुधवारी पान एकेचाळीस आलं. वाळूचं लाडकं वासरू व्यापारी घेऊन जातो. आई चुलीकडे तोंड करून भाकरी थापते आहे. पुढे एवढंच वाक्य की त्या दिवशी घरात पाच माणसांसाठी चौदा भाकरी झाल्या. एकविसाव्या वर्षी सोमनाथनं हे खिळे उचलले होते, पण भाकरी मोजल्या नव्हत्या. शुक्रवारी पान एकशे सतरा. थोरली बहीण सासरी निघते. आई हौदापाशी पाठमोरी भांडी घासते आहे. वाळूला आठवतं, ही भांडी सकाळीच घासली होती.

सोमनाथनं चष्मा काढला. पुढे काय येणार ते त्याला पाठ होतं. तरी तो भीत भीत शेवटच्या पानाकडे गेला.

आई पाठमोरी. मेथीच्या जुड्या. एक झाली, दुसरी घेतली.

दीडशे पानं हा माणूस हेच बांधत आणतो आहे, हे त्याला तिथे दिसलं. ही बाई जाणाऱ्याकडे बघू शकत नाही, म्हणून हात चालू ठेवते. मास्तरांनी हे कुठंही लिहिलेलं नाही. आणि त्याखाली, जिथे कोरी पट्टी हवी होती, तिथे एका दुःखी पोरानं येऊन सगळं ओरडून सांगून टाकलं होतं. ओळ वाईट नव्हती. पत्रिकेला चांगली होती. या पानावर ती नको होती.

त्यानं समासात काढून टाकायची खूण केली. पाच मिनिटांनी रबरानं खोडली. काम होतं जुन्या आवृत्तीबरहुकूम, आणि जुन्या आवृत्तीत ओळ होती. शनिवारी त्यानं प्रूफं तशीच देऊन टाकली.

रविवार, सोमवार गेला. मंगळवारी भाजी निवडताना सुवर्णानं विषय काढला.

“जेवण जात नाही, पोट बिघडलंय की डोकं?”

त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि गवारीच्या शेंगेचा तुकडा ताटात टाकला.

“चाळीस वर्षं गप्प बसलात. आता दोन दिवसांवर प्लेटा आल्यावर तुम्हाला कंठ फुटला.”

“तेव्हा कळलं नव्हतं गं.”

“काय कळलं नव्हतं?”

“की ती ओळ तिथं नको होती.”

“अहो, माझ्या आईच्या दशक्रियेच्या पत्रिकेवर तुम्हीच छापून आणलीत ना? तेव्हा कुठं गेली होती ही अक्कल?” ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “त्या मंजुषाताईंचा विचार करा. बाप गेला. बापाचं एकच वाक्य लोकांच्या तोंडी उरलंय. तेही तुम्ही काढून घेणार. कशासाठी? तुम्हाला झोप लागावी म्हणून?”

खरंच झोपेसाठी असेल तर सांगू नये, असं सोमनाथलाही वाटलं.

बुधवारी मंजुषाचा फोन आला. कव्हर बघायला या. तिचा फ्लॅट गंगापूर रोडला. पन्नाशी ओलांडलेली, बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालेली, बोलणं मोजकं. तिनं टेबलावर कव्हरची छापील नक्कल उलगडली. मागच्या बाजूला बाकी काही नव्हतं. मधोमध किरमिजी अक्षरांत एकच ओळ होती.

“मळा सुटतो, आई सुटत नाही,” तिनं वाचून दाखवली. “कार्यक्रमातही शेवटचं पान मीच वाचणार आहे. नानांचं एकच वाक्य सांगा म्हटलं तर मी हेच सांगते. त्यांच्या दशक्रियेच्या पत्रिकेवरही हेच घातलं होतं. कसं दिसतंय काका?”

आता बोल, असं सोमनाथ स्वतःला म्हणाला.

“छान आहे,” तो म्हणाला. चहा घेतला आणि घरी आला.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता रिझवानचा फोन. रिझवानचा सातपूरला ऑफसेटचा छापखाना आहे.

“काका, कव्हरच्या प्लेटा काल निघाल्या. आतल्या आता टाकतोय. अकरानंतर मशीन सुरू. तुमचं काही राहिलंय?”

“नाही,” सोमनाथ म्हणाला. फोन ठेवला. मग त्यानं चपला घातल्या.

“कुठं निघालात?” सुवर्णानं विचारलं.

“गंगापूर रोडला.”

ती दारात आली. तो जिना उतरेपर्यंत तिथेच उभी राहिली, पण थांबवलं नाही.

मंजुषानं दार उघडलं तेव्हा दहाला दहा कमी होते.

“ताई, शेवटच्या पानावर एक दुरुस्ती आहे.”

“आत्ता? अहो काका, प्लेटा निघत असतील. काय आहे? काना-मात्रा?”

“एक ओळ काढायची.”

“कुठली?”

“शेवटची.”

ती हसली. “चेष्टा करताय.”

“ती नानांची नाही. मी टाकलेली आहे.”

हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आईचं जाणं, तळाची जागा, हातातली शिशाची पट्टी. सांगताना एकदाही वर बघितलं नाही. मंजुषा खुर्चीत बसली होती. बोलायला लागली तेव्हा आवाज बँकेतल्या बाईंचा होता.

“पुरावा?”

“नाही.”

“हस्तलिखित?”

“रद्दीत गेलं.”

“दुसरं कुणाला माहीत आहे?”

“बायकोला.”

“म्हणजे काही नाही. एवढी गाजलेली ओळ, लिहिणारा हयात नाही आणि उद्या कुणीही उठून म्हणेल, माझी आहे. नाव हवंय का तुम्हाला?”

“नको.”

“मग पैसे?”

“पैसे तुम्ही आधीच दिलेत ताई.” त्याला हे लागलं, पण तो तिथून हलला नाही. “नाव नको, काही नको. ओळ काढा एवढंच. पान एकेचाळीस उघडा. भाकरी किती आहेत बघा. मग एकशे सतरा बघा.”

ती उठली, कपाटातून जुनी प्रत काढली, पाठ त्याच्याकडे करून वाचू लागली. घड्याळात दहा वाजून गेले. पानं उलटल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. शेवटच्या पानावर ती बराच वेळ होती.

“नाना हे पान वाचून दाखवायचे,” ती म्हणाली. अजूनही पाठमोरीच. “शाळेत, वाचनालयात, गणपतीत. मी बरोबर असायचे, सातवी-आठवीत. ‘दुसरी घेतली’ इथपर्यंत वाचायचे आणि पुस्तक मिटायचे. दर वेळी. मला वाटायचं, गळा दाटून येतो त्यांचा.”

तिनं पुस्तक मिटलं.

“मी मागून ओरडायचे, नाना, एक ओळ राहिली! लोक हसायचे. मग मी उभी राहून ती ओळ म्हणायचे. टाळ्या पडायच्या.” ती वळली. “नानाही हसायचे. मला जवळ घ्यायचे. एकदाही म्हणाले नाहीत, म्हणू नको.”

सोमनाथला बसावंसं वाटलं, पण ती बसा म्हणेपर्यंत बसणं त्याला जमेना.

“त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली.

“असं दिसतंय.”

“आणि मी त्यांच्या फोटोखाली ती छापली. शेवटी.”

“ताई...”

“काही बोलू नका काका.”

तिनं फोन घेतला. दहा वाजून बावीस मिनिटं.

“रिझवान, मंजुषा गायधनी. शेवटचं पान थांबव. शेवटची ओळ जाईल. हो, फक्त ती ओळ. जागा कोरी ठेव, मजकूर खाली ओढू नको. आणि कव्हरच्या मागची ओळही जाईल. नाही, दुसरं काही नाही. मागची बाजू कोरी.” पलीकडून तो बराच बोलला. “माहीत आहे निघाल्यात. नवीन काढ.”

फोन ठेवून तिनं कपाळ चोळलं.

“प्लेटांचे पैसे मी देतो,” सोमनाथ म्हणाला.

“द्या,” मंजुषा म्हणाली.

राहू द्या काका, असं ती म्हणेल असं त्याला क्षणभर वाटलं होतं. ती म्हणाली नाही, आणि त्याला बरं वाटलं.

तो दाराशी पोचला तेव्हा तिनं विचारलं, “आतल्या पानावर प्रूफरीडर म्हणून तुमचं नाव आहे. राहू दे की काढू?”

“काढलेलं बरं.”

“त्याला अजून एक प्लेट लागेल.”

“मग राहू द्या.”

तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. हसू होतं की दुसरं काही, ते सांगता येणार नाही. “सत्तावीसला या,” ती म्हणाली. “पुढे बसू नका. पण या.”

सोमनाथ तिथून सातपूरला गेला. शेडमध्ये मशीन थांबलेलं होतं आणि रिझवान कमरेवर हात ठेवून उभा होता.

“काय काका, नाही म्हणालात ना फोनवर? दोन पोरं एक तास बसून चहा पिताहेत.”

“चूक झाली.”

“कुणाची?”

“माझी.”

रिझवाननं नवीन प्लेट उजेडात तिरपी धरली. त्यावरचं अक्षर सुलट होतं. ऑफसेटच्या प्लेटवर ते तसंच असतं. सोमनाथनं चष्मा लावून शेवटचं पान सावकाश वाचलं. एक झाली, दुसरी घेतली. खाली एका ओळीची जागा कोरी होती. त्यानं बोटानं मोजून पाहिली, बरोबर एक ओळ. मग प्लेटच्या कडेला आपली सही केली.

“ओके ना? आता पुन्हा फोन आला तर उचलणार नाही हं,” रिझवान म्हणाला आणि मशीनकडे वळला. ड्रमवर प्लेट चढली, शाई फिरली, पहिले पाच-सहा कागद खराब गेले आणि मग चांगले यायला लागले. सोमनाथ एक कागद हातात घेऊन तो वाळेपर्यंत उभा राहिला.

हिशोब झाला. कव्हरच्या चार रंगांच्या चार प्लेटा, आतली एक, तीनशे वीस रुपयांनी सोळाशे. पाकिटात चौदाशे निघाले. ते त्यानं दिले आणि पावती घेतली.

दोनशे रुपये अजून द्यायचे आहेत.